कलंदर म्हणा आणि हात झटका

कलावंताच्या दारूचं कौतुक करण्यात आपण मराठी माणसं कुणाला हार जाणार नाही. मैफल कशी झाली हे सांगायला आपल्याला चार वाक्यं पुरतात. बुवा किती प्यायले होते, कुणी धरून आणलं, तंबोरे लागेपर्यंत कसे पेंगत होते आणि मग षड्ज कसा लागला, यावर मात्र रात्र सरते. सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी नसते, मालकी असते. ‘आम्ही पाहिलंय त्यांना त्या अवस्थेत!’ पाहिलंत ना? मग केलंत काय?

आमच्या सोलापूरला तर याची जुनी सवय आहे. उत्तर पेशवाईतला शाहीर राम जोशी इथला. जोशी-पुराणिकांच्या घरातला पोरगा तमाशाच्या नादी लागला, थोरले बंधू मुद्गल जोशींनी घराबाहेर काढला, बया या तमाशातल्या नाचणारणीच्या साथीनं त्यानं फड गाजवले, पैसा आला तसा उधळला. शाहिराचं नाव निघालं की डोळे मिचकावत एवढंच सांगतात. घर सुटल्यावर हा माणूस पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकला, कीर्तनकार झाला, मोरोपंतांच्या आर्या त्यानं कीर्तनांतून लोकांच्या कानी घातल्या, ते सांगेपर्यंत कुणाला दम नसतो. त्याच्या लावण्यांतली यमकांची आणि अनुप्रासांची घट्ट वीण म्हणे रंगेलपणातून आली! अहो, रंगेल माणसं तेव्हाही गावात पैशाला पासरी असतील. त्यांतल्या कितीजणांनी लावणी लिहिली?

१९४७ साली राजकमलनं ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं, लेखणी गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. जयराम शिलेदार राम जोशी झाले. मराठी तमाशापटांची रांग या चित्रपटामागून लागली. पण मला त्यात शाहिराहून मोठी वाटते ती बया, म्हणजे हंसा वाडकर. मूळची रतन साळगावकर. शाळेत असायच्या वयात, १९३६ पासून, ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, कारण घर तिच्या कमाईवर चालायचं. पुढे तिच्या १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटानं पुण्यात शंभरावर आठवडे मुक्काम ठोकला. तेच नाव तिनं आपल्या आत्मकथनाला दिलं. अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं, ‘माणूस’ साप्ताहिकातून ते आलं आणि १९७० मध्ये पुस्तक झालं. नवरा, घर, पळून जाणं, झालेला अत्याचार आणि दारू, काहीच तिनं झाकलं नाही. स्वतःच्या दारूबद्दल आपल्याकडे इतकं सरळ क्वचितच कुणी बोललं असेल. दारूला तिनं कलेचा साज चढवला नाही.

आणि आपण काय केलं? पुस्तक चवीनं वाचलं. पुरुष प्यायला की कलंदर, बाई प्यायली की वाया गेलेली, हा आपला हिशेब पक्का. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७१ मध्ये, ती गेली. पन्नाशीही गाठली नव्हती. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी तिच्या जगण्यावरून ‘भूमिका’ केला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मग हंसाबाई एकदम आदरणीय झाल्या. मेल्यावर आदर करायला खर्च येत नाही.

‘पण दारूशिवाय ते गाणं झालं असतं का?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, आणि तोही आपण फार खोल काही विचारलं अशा थाटात. उत्तर पंडित भीमसेन जोशींनी देऊन ठेवलं आहे. त्यांचं पिणं जगजाहीर होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते सोडलं आणि पुढची कित्येक वर्षं ते गात राहिले. आवाज त्यांनी बाटलीतून काढला नव्हता, वर्षानुवर्षांच्या रियाझातून काढला होता. तरी रसिकांच्या गप्पांत सोडल्यानंतरची वर्षं येत नाहीत, कारण शुद्धीत गाणाऱ्या माणसाचा किस्सा होत नाही. त्यांचे चिरंजीव राघवेंद्र जोशींनी ‘गाणाऱ्याचं पोर’ लिहिलं. किस्से सांगणाऱ्यांनी आधी ते वाचावं. प्रसिद्धीच्या सावलीत घर कसं जगतं, ते त्यात आहे.

पाश्चात्त्यांना नावं ठेवायलाही आपल्याला जागा नाही. त्यांनी तर सत्ताविसाव्या वर्षी मेलेल्या रॉकवाल्यांचा क्लबच करून टाकला : हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन. वाइनहाउस नावाच्या मुलीनं व्यसनमुक्तीला जायला नकार देणारं गाणं म्हटलं, जग त्यावर नाचलं, ग्रॅमी दिली. जून २०११ मध्ये बेलग्रेडला तिला धड उभं राहता येईना, तेव्हा तिकीट काढून आलेल्यांनी हुर्यो उडवली आणि मोबाइलवर चित्रण केलं. पाच आठवड्यांत ती मेली. वय सत्तावीस. मग तिच्या घरासमोर फुलांचा खच पडला.

आमच्याकडे खच लहान पडतो, एवढाच फरक. ऑर्केस्ट्रात गाणारा, बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा पोरगा जत्रेच्या आणि मिरवणुकीच्या हंगामात रात्ररात्र जागतो. सुपारी ठरते तेव्हा अर्धे पैसे मिळतात, उरलेले ‘नंतर बघू’. क्वार्टर मात्र वेळेवर येते. मंडळाचा कार्यकर्ता स्वतः आणून देतो, प्रेमानं, ‘घ्या मास्तर, आज रंग भरला पाहिजे’ म्हणत. दहा वाजता स्पीकर बंद झाला की मास्तर टेम्पोत आडवे. हंगाम सरला की हात रिकामा आणि सवय तेवढी उरलेली. चाळिशीत लिव्हर गेलं की तोच कार्यकर्ता चौकात फ्लेक्स लावतो, कोपऱ्यात स्वतःचा फोटो मोठा. श्रद्धांजलीच्या सभेत कुणीतरी उठून सांगतो, माणूस काय कलंदर होता, दोन पेग पोटात गेल्याशिवाय बोटं हलायची नाहीत. सगळे हसतात. मागच्या रांगेत त्याची बायको बसलेली असते. बाकी राहिलेल्या सुपाऱ्यांचे पैसे कुणाकडे मागायचे, हे तिला त्या हसणाऱ्यांतलं कुणी सांगत नाही.