रंगाचे स्वामित्व आणि भरिताचे वांगे

रंगावर कुणी मालकी सांगावी काय? १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याने रंगसंगतीलाही चिन्हाचा दर्जा दिला. दंतमंजनाच्या डब्यावरील लाल-पांढऱ्या रंगांसाठी कोलगेटने अँकरविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून २००३ साली अंतरिम मनाईहुकूम मिळविला. कंपन्या एवढ्या दक्ष असतात!

जळगाव-धुळ्याच्या घरोघरी भरिताचे वांगे ओळखले जाते तेही फिकट हिरव्या रंगावरूनच. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाला भौगोलिक मानांकन लाभले. व्यापारचिन्ह एका मालकाचे, ते विकताही येते. मानांकन साऱ्या उत्पादकांचे, ते विकता येत नाही. मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्यावाचून शेतकऱ्याला त्याचा हक्क बजावता येत नाही. पूर्वजांचा हा वारसा राखायचा, तर गावोगावी संघटितपणे नोंदणी झाली पाहिजे. स्वदेशीचे व्रत बांधावरूनच सुरू होते.