फूट नव्हे, विसर्जन

समाजवादी पक्ष नेत्यांच्या भांडणांमुळे संपला, हा निवाडा आता सिद्धान्तासारखा सांगितला जातो. १९५५ साली डॉ. लोहिया वेगळे झाले, १९६४ साली अशोक मेहता काँग्रेसमध्ये गेले, १९६५ साली संयुक्त समाजवादी पक्ष दुभंगला. या सनावळीचे तात्पर्य एकच काढले जाते : अहंकार. हा निवाडा सोयीचा आहे, खरा नाही.

वस्तुतः या वादांच्या मुळाशी तत्त्वाचे प्रश्न होते. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा, अशी मागणी लोहियांनी केली. हिला अहंकार म्हणावयाचे, तर विवेक कशाला म्हणावयाचे?

शिवाय फुटीने पक्ष मेला नाही. १९५२ मध्ये समाजवादी आणि किसान मजदूर प्रजा या दोन पक्षांना मिळून लोकसभेत २१ जागा होत्या. १९६७ मध्ये दुभंगलेल्या समाजवाद्यांनी ३६ मिळविल्या. १९७१ च्या लाटेत हे बळ पाचावर आले, हे खरे. तरीही १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप समाजवादी पक्षाचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांच्याच नेतृत्वाखाली झाला. कारण पक्ष जिवंत होता.

तो संपला १ मे १९७७ रोजी, जनता पक्षात विलीन होऊन. हुकूमशाहीच्या पराभवासाठी हे अपरिहार्य होते, असे सांगितले जाते. परंतु पराभव तर मार्चमध्येच झाला होता, तोही वेगवेगळ्या पक्षांनी एका चिन्हावर लढून! विजयासाठी आघाडी पुरली, विसर्जन नंतरचे.

जनसंघही विलीन झाला. पण त्याचा खरा आधार, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, बाहेर शाबूत राहिला. म्हणूनच १९७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वाचा वाद विकोपाला गेला व जनता पक्ष फुटला, तेव्हा जनसंघीयांना १९८० मध्ये नवा पक्ष उभारता आला. समाजवादी मात्र निरनिराळ्या गटांत पांगले. परतावयास त्यांना घरच उरले नव्हते.

अर्थशास्त्रात मुद्दल व व्याज यांत भेद करतात. जागा हे व्याज; सभासद, शाखा, अभ्यासवर्ग हे मुद्दल. निवडणूक जवळ आली की ऐक्याचे आवाहन होते. आघाडी अवश्य करावी, समान कार्यक्रमही आखावा. मात्र मुद्दल परक्या पेढीत बुडविणाऱ्याने भावांच्या भांडणाला बोल लावू नये.