धडधाकट माणूस गेला. मागे राहिलेल्यांचे काय?

"काल सांजेक तिठ्यार भेटलो हुतो. कायच नाय हुता तेका." कसालच्या बाजारात किंवा मालवणच्या गाडीची वाट पाहताना हे वाक्य कानावर पडले, की पुढचे विचारावे लागत नाही. तीस-पस्तिशीचा कोणी तरुण रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठला नाही. कोणी मैदानात कोसळला, कोणी बाईक बाजूला लावून बसला तो बसलाच. आजार नाही, गोळी नाही, कधी दवाखान्याची पायरी चढलेला नाही. हृदयविकार कसा टाळावा यावर या पानावर आणि इतरत्रही पुष्कळ लिहिले जाते. आज लिहायचे आहे ते अशा मरणानंतर त्या घराने काय करावे आणि आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करू नये याविषयी.

असे मृत्यू हल्लीच होऊ लागले, हा समज आधी बाजूला ठेवू. 'अशी ही बनवाबनवी' मधला शंतनू, म्हणजे सिद्धार्थ रे, ८ मार्च २००४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने गेला तेव्हा अवघ्या चाळीस वर्षांचा होता. त्या वेळी बातमी वर्तमानपत्रात आली आणि हळहळ व्यक्त होऊन संपली. २०२१ मध्ये सप्टेंबरात मुंबईत सिद्धार्थ शुक्ला आणि ऑक्टोबरात बंगळुरूला पुनीत राजकुमार गेले तेव्हा मात्र प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. आता कुठल्याही राज्यातला कोणी नाचताना पडला, तरी त्याची चित्रफीत दुपारपर्यंत आपल्या ओसरीवर पोहोचते. त्यामुळे भीती वाढली आहे, माहिती मात्र वाढलेली नाही.

घरावर असा घाला पडला की पहिला प्रश्न येतो, "कशान गेलो?" याचे उत्तर घरात कोणाजवळ नसते, म्हणून गाव ते पुरवते. पाचव्या दिवसापर्यंत पाच उत्तरे तयार असतात. कोणी म्हणतो देवचाराची वाट अडवली, कोणी म्हणतो भाऊबंदांनी करणी केली. कोणी कौल लावून येतो आणि राहून गेलेला नवस सांगतो. शिकलेले म्हणतात, करोनाची लस. आणि मागच्या पडवीत दोन बाया हळू आवाजात सुनेच्या पायगुणाबद्दल बोलत असतात. या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक उत्तर घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी दोषी ठरवते. माणूस गेल्याचे दुःख कधीतरी निवळते, पण 'तुझ्यामुळे गेला' हा सल आयुष्यभर राहतो. वाटणीचे दावे आणि तुटलेली सोयरीक यांच्या मुळाशी असा एखादा न उलगडलेला मृत्यू असतो, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

यात आपणच अडाणी आहोत असे समजण्याचे कारण नाही. थायलंडच्या ईशान्य भागात धट्टेकट्टे तरुण झोपेत मरत. तिकडे या मरणाला 'लाय ताय' म्हणत. विधवा बाईचे भूत पुरुषांना उचलून नेते, अशी समजूत होती. भुताला चकवावे म्हणून पुरुष नखांना लाल रंग लावून झोपत. पुढे १९९२ मध्ये ब्रुगाडा आडनावाच्या दोन डॉक्टर भावांनी हृदयाच्या एका दोषाचे वर्णन प्रसिद्ध केले. हृदय दिसायला उत्तम, पण त्याला ठोके देणारी आतली विद्युतव्यवस्था सदोष. ईसीजीवर त्याची विशिष्ट खूण दिसते. झोपेतल्या त्या मृत्यूंपैकी पुष्कळांचे कारण हेच, हे मग उघड झाले. हा दोष घराण्यातून उतरतो, म्हणजे भुताने उचलून नेलेल्याच्या भावाला खरी गरज होती ती ईसीजीची.

आपल्या कोकणातलेच उदाहरण पाहा. लाल विंचू चावून पोरे आणि तरुण माणसे पटापट मरत, त्याला नशीब म्हणत. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिले, की या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस जातो. कारण कळले म्हणून औषध सुचले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरात आली आणि शंभरातल्या चाळीस मृत्यूंचे प्रमाण एकाच्या आसपास आले. आधीच्या मृतांना काही ती गोळी मिळाली नाही. पण ते कशाने गेले हे शोधणारा कोणी भेटला, म्हणून नंतरचे वाचले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तरुण माणूस अचानक आणि विनाकारण गेला तर शवविच्छेदन करू द्यावे. आपल्याकडे नेमके उलटे होते. "त्याचे हाल आणखी कशाला", "पोलीस दारात नकोत" म्हणून घरचे गळ घालतात आणि ओळखीचा डॉक्टर भिडेखातर 'हृदयविकार' असे लिहून देतो. ही दया नव्हे. कारण माहीत नसताना झालेल्या मृत्यूची खबर पोलिसांना द्यायची असते. ते 'आकस्मिक मृत्यू' म्हणून नोंद करतात, पंचनामा होतो आणि शासकीय रुग्णालयात विनामूल्य शवविच्छेदन होते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमाखाली होई, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ कलमाखाली होते. अशी नोंद झाली म्हणजे कोणावर गुन्हा दाखल झाला असे नव्हे. विटंबनेची भीतीही अनाठायी आहे. देह नीट शिवून, झाकून ताब्यात देतात आणि पुढचे सर्व विधी करता येतात.

मात्र एवढ्यावर काम संपत नाही. त्या दिवशी मिळतो तो बहुधा प्राथमिक अभिप्राय. व्हिसेरा आणि हृदयाचे तुकडे तपासणीला पाठवले असतील, तर अंतिम मत यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर दिवसकार्ये उरकलेली असतात आणि तो कागद आणायला कोणी जात नाही. घरातल्या एका जाणत्या माणसाने हे काम अंगावर घ्यावे. विम्यासाठीही तो कागद लागतो, हे आहेच.

कारणे काय निघू शकतात? पस्तिशीच्या पुढे असेल तर बहुधा आपला नेहमीचाच शत्रू, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा. तंबाखू, सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, चरबी आणि घराण्याचा वारसा या सर्वांची ती करणी. वरून धडधाकट दिसणाऱ्यालाही तो असतो, कारण पस्तिशीतला माणूस रक्तदाब मोजून घ्यायला जातच नाही. त्याहून लहान वयात हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणे, ठोक्यांच्या लयीतला दोष किंवा तापानंतर हृदयाला आलेली सूज अशी कारणे आढळतात. काही मृत्यूंत हृदयाचा संबंधच नसतो. मेंदूतला रक्तस्राव असतो, झोपेत आलेली फिट असते, पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकलेली असते. आणि पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालून झोपलेला सकाळी मृत आढळला, तर मण्यार विसरू नये. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडेलच असे नाही. हे कळले तर निदान उरलेली माणसे खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपतील.

कधीकधी शवविच्छेदनात काहीच सापडत नाही. लोक मग म्हणतात, "बघा, उगाच कापला." तसे नाही. लयीचा दोष मेल्यानंतर डोळ्याला दिसत नाही, कारण हृदय थांबले की ठोकेही थांबले. हृदय निर्दोष, मेंदू निर्दोष, विष नाही, असा अहवाल आला तर हाच दोष असण्याचा संशय बळावतो आणि भावंडांची तपासणी अधिकच गरजेची होते.

भावंडांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो वेळेशी बांधलेला आहे. मुंबईचे चाकरमानी भाऊ, पुण्याची बहीण अशी सगळी दिवसांसाठी गावी आलेली असतात आणि तेरावे झाले की कोकणकन्या किंवा रातराणी पकडून परत जातात. तेवढ्या मुदतीत दोन गोष्टी कराव्यात. पहिली, वडीलधाऱ्यांना शांतपणे विचारावे. घराण्यात याआधी कोणी असा अकस्मात गेला होता का? धावताना, घाबरल्यावर किंवा मोठा आवाज झाल्यावर कोणी बेशुद्ध पडायचा का? पट्टीचा पोहणारा असून खाडीत बुडाला, असा कोणी? ठोक्याच्या लयीचा एक दोष असा आहे की त्यात पोहताना हृदय बिघडते. आपण मात्र 'पाण्याने ओढला' म्हणून मोकळे होतो. दुसरी गोष्ट, आईवडील, सख्खी भावंडे आणि मुले यांचा ईसीजी आणि टूडी इको करून घ्यावा. ओरोसच्या शासकीय रुग्णालयात जावे, बांबोळीला जावे किंवा मुंबईत जावे, पण 'आमचा भाऊ असा गेला' हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावे. स्नायू जाड होण्याच्या किंवा लयीच्या पुष्कळशा आनुवंशिक दोषांत प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. कळले तर काहींना रोजची स्वस्त गोळी पुरते, काहींना छातीत छोटे यंत्र बसवावे लागते. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन जून २०२१ मध्ये भर सामन्यात कोसळला. छातीवर दाब आणि विजेचा झटका वेळीच मिळाल्याने तो वाचला आणि असे यंत्र बसवून पुढच्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला.

कौल लावायचा असेल त्यांनी जरूर लावावा, माझी तक्रार नाही. पण देवळातून येताना ईसीजीही काढून यावे.

आता लशीबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या अशा ७२९ अकस्मात मृत्यूंची तुलना त्याच परिसरातील, त्याच वयाच्या २,९१६ माणसांशी केली आणि निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. लशीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो करोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घरात पूर्वी असा मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू प्यायलेल्यांत, नशा करणाऱ्यांत आणि त्याच दोन दिवसांत अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. याचा अर्थ व्यायाम सोडा असा कोणी काढू नये. वर्षभर खुर्चीत बसून सुट्टीत रात्रभर क्रिकेटच्या स्पर्धा खेळायच्या आणि वर पार्टी करायची, हा व्यायाम नव्हे.

राहता राहिली ती जिच्या शेजारी तो झोपला होता, ती. "मी रात्री एकदा उठले असते तर?" हा प्रश्न तिला महिनोन्महिने झोपू देत नाही. तिला हे कोणीतरी जाणत्याने समोर बसून सांगितले पाहिजे, की हृदयाची लय बिघडली की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, बहुतेक वेळा ओरडण्याचीही उसंत मिळत नाही. झोपलेल्या माणसाला ते कळणे जवळजवळ अशक्य. छातीवर दाब कसा द्यावा हे गावागावांत शिकवायलाच हवे, पण ते तेराव्याला आलेल्या पाहुण्याने तिला ऐकवू नये. तिचे कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र यांनाही हात लावू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये असा ठराव केला आणि शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. आपल्या पंचायतीने केला आहे का, हे प्रत्येकाने विचारावे.

मुलांना "बाबा मुंबईला गेले" असे सांगू नये. मूल रोज वाट पाहते आणि पुढे खरे कळले की कोणावरच विश्वास ठेवीत नाही. "बाबांचे हृदय बंद पडले, ते मेले, ते परत येणार नाहीत, तू काही केले नाहीस" एवढी चार वाक्ये पाच वर्षांच्या मुलालाही समजतात. शेवटचे वाक्य गाळू नये, कारण आदल्या दिवशी बाबांशी भांडल्यामुळे असे झाले, असे मुलांना खरोखर वाटत असते.

आणि भेटायला जायचे तर तेराव्यानंतर जा. पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते, चुलीवर मोठे टोप असतात. तिसऱ्या आठवड्यात दार ओढून घेतलेले असते आणि आत म्हातारी एकटीच बसलेली असते. काही उपदेश न करता बसावे, गेलेल्याचे नाव घेऊन बोलावे. "आता विसरा" म्हणू नये. दोन-तीन महिने उलटूनही कोणी जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात काही राहिले नाही असे बोलत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरला दाखवावे. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.