आधी एकांतात

मंडळीत एखाद्याचे पाऊल घसरले की ती बातमी सर्वांत शेवटी कोणापर्यंत पोहोचते, तर ज्याचे पाऊल घसरले त्याच्यापर्यंत. पंचकमिटीत चर्चा होऊन जाते. महिला मंडळात कुजबुज होते. प्रार्थनासभेत ‘अमक्यासाठी विशेष प्रार्थना करा’ अशा शब्दांत ती बाहेर पडते आणि घरी जाताना लोक एकमेकांना कारण विचारतात. मग रविवारी असे प्रवचन होते की, ते कोणासाठी आहे हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या माणसाच्या घरी जाऊन, दार ओढून घेऊन, समोर बसून मात्र कोणी बोललेले नसते. चार-सहा महिन्यांनी तो उपासनेला येईनासा होतो, आणि त्याचे नाव ‘थंडावलेल्यांच्या’ यादीत जाते.

प्रभू येशूने सांगितलेला क्रम याच्या अगदी उलट आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातल्या त्या तीन पायऱ्या प्रत्येक पाळकाला, धर्मगुरूला पाठ असतात: आधी दोघांतच बोलणे, मग एक-दोघांना बरोबर घेणे, आणि त्यानेही भागले नाही तरच मंडळीपुढे नेणे. पण हा उतारा नियमावलीतल्या कलमासारखा वाचायची सवय लागली आहे. त्याच्या अगदी आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. त्याच्या पाठोपाठ पेत्र क्षमा किती वेळा करायची हे विचारतो आणि त्याला सत्तर वेळा सातचे उत्तर मिळते. दोन्हीकडून असा वेढलेला हा उतारा खटला चालवण्याची कार्यपद्धत म्हणून लिहिलेला नाही. पहिल्या पायरीवर भावाने ऐकले तर काय मिळाले, याचे उत्तरही येशू देतो: भाऊ मिळाला. कबुलीजबाब किंवा माफीनामा मिळाला असे तो म्हणत नाही.

पहिली पायरी चुकली की केवढा घोळ होतो, याचे उदाहरण थेट चौथ्या शतकाच्या अखेरीस सापडते, तेही दोन महान आचार्यांचे. संत जेरोम तेव्हा बेथलेहेमात होते, ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो येथे नुकतेच धर्मसेवेत आलेले. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जेरोम यांनी आपल्या भाष्यात म्हटले होते की तो वाद खरा नव्हता. शिकवण देण्यासाठी दोघांनी तसा देखावा केला. ऑगस्टीन यांना हे पटेना. प्रेषिताने पवित्र शास्त्रात खोटे लिहिले असे एकदा मानले तर शास्त्रावर भरवसा कशाच्या आधारावर ठेवायचा, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी जेरोमना पत्र लिहिले. ते घेऊन जाणारा प्रोफुतुरुस वाटेला लागण्याआधीच बिशप झाला आणि थोड्याच काळात मरण पावला. काही वर्षांनी दुसरे पत्र गेले. तेही जेरोमकडे न जाता इटलीत फिरले, त्याच्या नकला झाल्या, आणि ऑगस्टीनने जेरोमविरुद्ध पुस्तक लिहून रोमला धाडले आहे अशी बोलवा उठली. ज्याच्यासाठी पत्र होते त्याच्या हाती आली ती कोणाकडची तरी नक्कल.

जेरोम दुखावले, आणि त्यांचा स्वभाव मुळात तिखट. त्यांच्या उत्तरांतून राग लपत नाही. ऑगस्टीन तोवर बिशप झाले होते, तरी त्यांनी पदाचा आधार घेतला नाही. आपण पुस्तक लिहून पसरवलेले नाही हे त्यांनी शपथेवर सांगितले, झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमा मागितली आणि मुद्दा मात्र सोडला नाही. साधारण ४०५ सालच्या त्यांच्या दीर्घ पत्रात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत: वडीलधाऱ्या विद्वानाबद्दलचा आदर, आणि पौल खरे बोलत होता हा आग्रह. पुढे पेलागियसच्या वादात हे दोघे एका बाजूला उभे राहिले. जे म्हणणे एकांतात पोहोचले असते तर विद्वानांतली चर्चा ठरले असते, ते इतरांच्या हातून गेल्यामुळे वर्षानुवर्षांचा सल बनले होते. आज हे पसरायला जहाज लागत नाही. मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.

पौलाने पेत्राला सर्वांसमोर सांगितले, मग आम्हीही व्यासपीठावरून सांगतो, असे काही जण म्हणतात. त्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचावा. पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीतून उठला होता. सगळ्या मंडळीने ते पाहिले होते, बर्णबासुद्धा त्याच्यामागे ओढला गेला होता. उघड घडलेल्या आणि इतरांना वाटेवरून ढळवणाऱ्या गोष्टीचे निवारण पौलाने उघड केले. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हीच रेषा आखली: उघड पापाची गोष्ट वेगळी, झाकलेल्याची वेगळी. शिवाय पौल पेत्राचे नाव घेऊन, पेत्राकडे तोंड करून बोलला. नाव न घेता टोमणे मारणाऱ्या प्रवचनाला त्या उताऱ्यातून आधार मिळत नाही.

कसे सांगायचे याइतकाच काय सांगायचे हा प्रश्न अवघड आहे. त्यासाठी मराठी ख्रिस्ती माणसाने पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचावा. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. धर्मसेवेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने तो अभ्यासावा असे आमचे ठाम मत आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंचा आणि त्यांची लहानगी मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डीन स्वतःला रमाबाईंची आध्यात्मिक आई मानत. त्यांची माया खरी होती. मनोरमेला त्यांनी नातीसारखे सांभाळले, आणि मराठी शब्द वापरून रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

याच आजीबाई पत्रांतून रमाबाईंना सतत सुधारत राहिल्या. रमाबाईंच्या मनात त्रैक्याविषयी शंका होत्या. त्यावर बोलणे हे धर्ममातेचे कामच होते. पण त्याच पत्रांत, त्याच सुरात, इतरही गोष्टी येत. रमाबाई अंडीसुद्धा खात नव्हत्या, त्यात सिस्टरना जातीचा अभिमान दिसे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई संस्कृत शिकवत होत्या. तिथे मुलग्यांनाही शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांपर्यंत विचारणा गेली आणि विरोध झाला. रमाबाईंनी हिंदुस्थानात पुरुषांच्या भरसभांतून व्याख्याने दिली होती. वडिलांनी रानात राहून आईला संस्कृत शिकवले होते, आणि आईने त्यांना. स्त्रीने पुरुषांना शिकवण्यात पाप कुठले, हे त्यांना कळेना.

सगळ्यात बोलका प्रसंग क्रुसाचा आहे. अंगावर धारण करायच्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारले की तिथे संस्कृत शब्द का नकोत? लॅटिन त्यांना येत नव्हते, आणि हिंदुस्थानातल्या ज्या भगिनींना त्या क्रुसाचा अर्थ सांगायचा त्यांनाही येणार नव्हते. ब्राह्मण संस्कृतला जसे पवित्र मानतात तसे तुम्ही लॅटिनला मानता काय, असाही त्यांचा सवाल होता. सिस्टरना यात हट्ट आणि अहंकार दिसला. आज ती पत्रे वाचताना स्पष्ट जाणवते की शंका, ताटातले अन्न, क्रुसावरची भाषा आणि शिकवण्याची नोकरी हे सगळे ‘अहंकार’ या एकाच मथळ्याखाली गेले. परिणाम असा झाला की जिथे सिस्टरचे म्हणणे खरोखर ऐकण्यासारखे होते तिथेही ते रमाबाईंना दडपणासारखे वाटले. पुरोहितांच्या सत्तेतून नुकत्याच सुटलेल्या बाईला पुन्हा तशाच सत्तेखाली मान द्यायची नव्हती. आपल्याला देवाने सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे याच संग्रहात आहेत. बीलबाईही चर्चच्या निष्ठावंत. पण त्या रमाबाईंच्या शंकेला शंका म्हणून उत्तर देत, बरोबरीच्या नात्याने युक्तिवाद करत, आणि स्वभावाचा न्याय करायला जात नसत. रमाबाई त्यांच्याशी मोकळेपणाने बोलल्या. एकाच बाईला एकाच काळात दोन जणी सांगत आहेत, आणि एकीशी संवाद वाढतो तर दुसरीशी ताठरतो, हे या पत्रांत तारीखवार दिसते. पाळकीय समुपदेशनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात याहून चांगला धडा मिळणार नाही.

पुढे रमाबाईंनी आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत लिहिले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले: आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. या जाणिवेपर्यंत नेण्यात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राचा हात होता. हे हॅस्लम कोण, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि आपल्या विषयाशी तिचा सरळ संबंध आहे. ते कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावचे पाळक. त्यांचा माळी आजारी पडला आणि मरणाच्या छायेत त्याला जो विश्वास लाभला तो स्वतःच्या पाळकाकडून लाभला नाही. हॅस्लम अस्वस्थ होऊन पेंडीनच्या एटकिन या सहपाळकाकडे गेले. एटकिन यांनी त्यांना समोर बसवून सांगितले की तुमचाच पालट झालेला नाही. एका पाळकाने दुसऱ्या पाळकाला घरात, एकांतात सांगितलेली गोष्ट. १८५१ च्या शरद ऋतूतल्या एका रविवारी हॅस्लम व्यासपीठावर चढले आणि स्वतःच्याच प्रवचनात त्यांचा पालट झाला. श्रोत्यांतला एक जण तसे ओरडला. एटकिन त्या दिवशी भिडेखातर गप्प बसले असते तर ते आत्मचरित्र लिहिले गेले नसते, आणि रमाबाईंच्या हाती पडले नसते.

म्हणून पाळकांच्या आणि धर्मगुरूंच्या या मासिकाला वाचकांपुढे हा प्रश्न ठेवावासा वाटतो: तुम्हाला कोण सांगते? मंडळीतला माणूस पाळकाला सांगायला कचरतो. पंच बहुधा पगार, बदली आणि हिशेब यांबद्दलच बोलतात. बिशपांपर्यंत जाते ती तक्रार, आणि तक्रार म्हणजे तिसरी पायरी. पहिल्या पायरीवर पाळकाजवळ येणारे कोणी उरलेलेच नसते. जॉन वेस्ली यांनी डिसेंबर १७३८ मध्ये आपल्या छोट्या गटांसाठी जे नियम घातले त्यांत आत येणाऱ्याला आधीच विचारले जाई की आपले दोष आपल्याला स्पष्टपणे सांगितले जावेत अशी तुमची इच्छा आहे काय. होकार आधी घेतलेला असे, त्यामुळे सांगणाऱ्याला धाडस गोळा करावे लागत नसे आणि ऐकणाऱ्याला धक्का बसत नसे. आपल्याकडे पाळकांच्या मासिक सभा होतात, अहवाल वाचले जातात, चहा होतो. त्याच सभेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडून असा होकार घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

एक बाब मात्र कोणत्याही संकोचाशिवाय लिहायला हवी. ‘आधी एकांतात सांगा’ हा शब्द गुन्हा झाकण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो प्रभूच्या नावाचा गैरवापर असतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर दोघांत बसून समजूत घालायची नाही, मुलाला किंवा आईवडिलांना आरोपीसमोर आणायचे नाही, पंचांची बैठकही आधी बोलवायची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक करते, आणि न कळवणे हा कलम २१ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. कॅथॉलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मे २०१९ च्या आदेशाने अशी माहिती धर्माधिकाऱ्यांना देणेही धर्मगुरू आणि व्रतस्थांवर बंधनकारक झाले. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईलाही ‘नवऱ्याशी एकांतात बोला’ असे सांगून परत पाठवणारा पाळक मत्तयाचा १८ वा अध्याय पाळत नसतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला लहानग्यांना अडखळवणाऱ्याबद्दल येशू काय म्हणतो, ते त्याने आधी वाचावे.

शिस्त झाल्यानंतरचे दिवस हाही दुर्लक्षित भाग आहे. प्रभुभोजनातून वगळण्याचा ठराव वहीत नीट लिहिलेला सापडतो. त्या माणसाकडे नंतर कोण गेले याची नोंद क्वचितच असते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाच्या नियमात २७ वा अध्याय यासाठीच दिला. वगळलेल्या भावाची सर्वाधिक काळजी मठाधिपतीने घ्यायची. समजूतदार, वयस्क बंधू त्याच्याकडे गुपचूप पाठवायचे, आणि दुःखाने तो खचून जाऊ नये म्हणून त्यांनी धीर द्यायचा. आणि मठ सोडून गेलेला भाऊ सुधारण्याचे वचन देऊन परत आला तर त्याला तीनदा आत घ्यायचे. आपल्या किती मंडळ्यांत असे दोन वयस्क नेमलेले आहेत?

वाचकांना विनंती अशी. डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३५ मध्ये फिंकेनवाल्डे येथील सेमिनरीत एक नियम ठेवला होता: गैरहजर बंधूबद्दल बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर ते त्याला जाऊन सांगायचे. हा नियम येत्या तीन महिन्यांसाठी आपल्या पंचकमिटीत, धर्मग्राम समितीत ठरावाने लागू करून पाहा. शिस्तीच्या वहीत आणखी एक रकाना आखा: ‘एकांतात कोण भेटले, केव्हा’. तो रकाना रिकामा असेल तर विषय सभेपुढे घेऊ नका. गुन्ह्याचे प्रकरण तेवढे याला अपवाद. ते थेट पोलिसांकडे जाईल. काय अनुभव आला ते, कोणाचीही ओळख उघड न करता, आम्हाला लिहून कळवा.