जड हात की जाड ब्लेड?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत भांडता येतं, लिहिताना वेलांट्या चुकतात. पण हा विषय भांडणाचाच आहे, तेव्हा चालवून घ्या.

आमचं घर चौकला. बाबांनी रिटायर झाल्यावर मागच्या पडवीत वर्कशॉप थाटलं. पाट, चौरंग, देव्हारे असली कामं. त्यात एक सेकंडहँड बँडसॉ आहे, ३०० मिलिमीटर व्यासाच्या चाकांचा. मागच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत त्याची चार ब्लेड्स तुटली, आणि प्रत्येक वेळी बोलणी खाल्ली मदतीला येणाऱ्या पोराने. "ह्याचा हात जड आहे, लाकूड रेटतो," हे बाबांचं ठाम मत. चौथ्या ब्लेडचे पैसे त्याच्या पगारातून कापायचं ठरलं, त्याच शनिवारी मी हॉस्टेलवरून घरी पोचले.

तुटका तुकडा कॅलिपरने मोजला. जाडी ०.९ मिलिमीटर! दुकानदार म्हणाला होता, जाड घ्या, टिकेल. बाबांना पटलं. तुम्हालाही पटलं असतं. पण गणित उलटं आहे. ब्लेड चाकावर वाकतं तेव्हाचा स्ट्रेस म्हणजे जाडी भागिले चाकाचा व्यास, गुणिले यंग्ज मोड्युलस. स्टीलचा मोड्युलस २०० गिगापास्कल धरला तर आमच्या ब्लेडवर ६०० मेगापास्कल येतात, ताण वेगळाच. ०.५ चं ब्लेड लावलं तर सुमारे ३३३. आता ब्लेड सव्वादोन मीटर लांब, वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे मिनिटाला ४०० फेऱ्या. दर फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकणं. एकवीस तासांत दहा लाख वेळा! भंडारींच्या पुस्तकातला फटीगचा चॅप्टर आपण मार्कांसाठी पाठ करतो, तो आमच्या पडवीत चालू होता.

हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीने १८०८ साली बँडसॉचं पेटंट घेतलं, पण ब्लेड नाहीतर त्याचा जोड सारखा तुटायचा, म्हणून मशीन जवळजवळ चाळीस वर्षं नुसतंच कागदावर. १८४६ साली फ्रान्समधल्या ॲन पॉलीन क्रेपँ या बाईने जोड वेल्ड करायची पद्धत काढून पेटंटसाठी अर्ज केला, मग पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क घेतले आणि बँडसॉ खरा चालू झाला. (आमच्या बॅचच्या मुलांनी हे दोनदा वाचावं.)

पोराची बाजू घेते म्हणून तो अगदी निर्दोष असंही नाही. तो रेटत होताच. पण का? ब्लेड बोथट होतं. पॅकिंगच्या जुन्या लाकडातले खिळे दातांना लागले होते. लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवायला त्याला कोणी सांगितलं होतं? रुंद ब्लेडने बारीक गोलाई कापायला लावली, तीही आम्हीच. गोलाईला अरुंद ब्लेड हवं, नाहीतर आधी बाहेरून आडवे काप घ्यावे लागतात. वरचा गाईड लाकडापासून वीतभर उंच ठेवलेला, म्हणजे ब्लेड मध्येच पिळवटणार. चाकाच्या रबरावर भुश्श्याचे थर. आणि चौकचा पाऊस! पुसून तेलाचा हात न फिरवता ठेवलेल्या ब्लेडला चार दिवसांत गंज धरतो, आणि गंजाच्या खड्ड्यातूनच भेग सुरू होते. तुटायच्या आधी ब्लेड सांगतं सुद्धा, लयीत टक-टक-टक वाजतं. पोराने ते ऐकून बाबांना म्हटलं होतं, "काका, आवाज येतोय." काकांनी "तू काम कर" म्हटलं.

माझं मत असं की ब्लेड तुटलं तर आधी कॅलिपर काढावा, मग आवाज चढवावा. पगार कापायचा तर ब्लेड निवडणाऱ्याचा! हे मी बाबांना तोंडावर म्हटलं. आई हसली, बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतः जाऊन ०.५ चं ब्लेड आणलं. काम संपलं की ताण सैल करतात, त्याने टायरलाही खळगा पडत नाही. जोड वर आलेला असला तर घासून सपाट करतात. पोराचे पैसे कापले नाहीत. हे ब्लेड दिवाळीपर्यंत चाललं, आणि तुटलं नाही, बोथट झालं म्हणून काढलं.

सरांना एक विनंती. फर्स्ट इयरला आपण हातकरवतीने एक जॉइंट करतो आणि सुतारकाम संपलं म्हणतो. एक तुटकं ब्लेड मायक्रोस्कोपखाली दाखवलंत तर फटीग शिकवायला तीन लेक्चर्स लागणार नाहीत. तुकडे मी आणते, घरी डबाभर आहेत.