कोरडेपणा, लाज आणि सिलिकॉनची बाटली

महिला मंडळाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की साखर, बीपी, गुडघे आणि थायरॉइड यांवर सगळ्या भरभरून बोलतात. बैठक संपते, चहा होतो, चपला घालायची वेळ येते आणि मग एखादी ताई आमच्यापैकी कोणाला तरी विहाराच्या खांबाआड घेते. "पिशवी काढल्यापासून जवळ जायचं म्हटलं की आग आग होते. यांना वाटतं माझं मनच नाही. काय करू?" शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, प्रश्न तोच असतो. कधी विचारणारी पन्नाशीची असते, कधी अंगावर पाजणारी पंचविशीची. हा प्रश्न खांबाआडून काढून या पानावर आणायचा, असे आम्ही ठरवले आहे.

धम्माच्या मासिकात हा विषय कशाला, असे काही उपासक म्हणतील. त्यांना आम्ही १९३४ सालची आठवण करून देतो. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचकांनी लैंगिक जीवनाबद्दल विचारलेल्या खासगी प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरे दिली, त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते. अश्लीलतेचा खटला भरला गेला. तेव्हा कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिलेले बॅरिस्टर म्हणजे आपले बाबासाहेब. लैंगिक प्रश्नांवर लिहिले म्हणून ते लेखन आपोआप अश्लील ठरत नाही, लोकांना शंका आहेत तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही तेव्हा नामंजूर झाला. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि त्यांनी ज्या प्रश्नांसाठी कोर्टात वेळ दिला ते प्रश्न मात्र खांबाआड ठेवायचे, हे आम्हाला पटत नाही.

आता मूळ विषय. योनीमार्गाला स्वतःचा ओलावा असतो आणि तो बऱ्याच अंशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर अवलंबून असतो. पाळी गेली की हे संप्रेरक कमी होते, आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते. बाळ अंगावर पीत असते तेव्हाही काही महिने असेच होते. स्तनाच्या कर्करोगावरची काही औषधे, केमोथेरपी, ओटीपोटाला दिलेले रेडिएशन, इतकेच काय, सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा येतो. यात मन असण्या-नसण्याचा प्रश्न दर वेळी येत नाही. मन असूनही शरीर साथ देत नाही, असे पुष्कळदा घडते.

आपल्या समाजात याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्यावर आम्ही मुद्दाम थांबतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला, शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्या तक्रारीवर तिशी-पस्तिशीतल्या बायकांना पिशवी काढायला सांगितले जात होते. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, त्यामुळे पाळीच नको, असेही अनेकींना वाटत होते. शस्त्रक्रियेत पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर त्या बाईची पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. अंडाशये ठेवली तरी ती अवस्था वेळेआधी येण्याची शक्यता वाढते. वजन, हाडे, झोप यांवर परिणाम होतो आणि योनीमार्ग कोरडा पडतो. हे तिला शस्त्रक्रियेआधी कोणी सांगत नाही, नंतरही सांगत नाही. घरी आल्यावर नवऱ्याला वाटते बायको टाळते, बायकोला वाटते आपल्यातच काही खोट आहे. कितीतरी घरांतली भांडणे इथून सुरू होतात आणि त्यांना भलतीच कारणे चिकटवली जातात.

मग लोक घरातले काहीतरी वापरतात. खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, थुंकी. यांतले तेल आणि व्हॅसलीन यांबद्दल एक गोष्ट पाठ करावी: तेलकट पदार्थ लागला की रबराचा म्हणजे लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो आणि फाटतो, तेही काही मिनिटांत. गर्भ राहू नये किंवा रोग लागू नये म्हणून कंडोम वापरायचा आणि वर खोबरेल लावायचे, म्हणजे छत्री उघडून तिला भोक पाडण्यासारखे आहे. व्हॅसलीन आत चिकटून राहते, सहज निघत नाही आणि योनीमार्गातल्या जंतुसंसर्गाशी तिचा संबंध दिसून आलेला आहे. थुंकी लगेच वाळते.

यासाठी बाजारात ल्युब्रिकंट मिळते. मराठीत त्याला वंगण म्हणता येईल, पण सायकलच्या चेनची आठवण होते, म्हणून आम्ही इंग्रजी शब्दच ठेवतो. मेडिकलमध्ये 'जेल' म्हणून जे सहज मिळते ते बहुधा पाण्यावर आधारित असते. ते स्वस्त असते, धुतले की जाते, कंडोमलाही चालते. वाईट नाही. पण दोन अडचणी आहेत. एक, त्यातले पाणी उडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चिकट-कोरडे होते. दुसरी अडचण फार कोणाला ठाऊक नसते. काकडीच्या फोडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते, तसे ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल भरपूर असलेले दाट जेल पेशींतले पाणी ओढून घेते आणि आतली नाजूक त्वचा दुखावते. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या सूचनेत पाण्यावर आधारित जेलची ऑस्मोलॅलिटी १२०० च्या वर नसावी आणि शक्यतो ३८० च्या आत असावी असे म्हटले. हा आकडा डब्यावर छापलेला क्वचितच सापडतो, हे दुर्दैव.

सिलिकॉनच्या ल्युब्रिकंटमध्ये पाणीच नसते, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. ते वाळत नाही, त्वचेत मुरत नाही, पृष्ठभागावर गुळगुळीत थर होऊन राहते आणि दोन-तीन थेंबांत काम होते. पाणी नाही म्हणून ते टिकवण्यासाठी परिरक्षके घालण्याची गरज नसते. अंगाला लवकर खाज सुटणाऱ्यांना हे बरे पडते. लॅटेक्सच्या कंडोमला त्याने काही होत नाही. सिलिकॉन म्हटले की काहींना स्तनातले रोपण आठवते आणि भीती वाटते. पण आपल्या ओळखीच्या कंडोमवर कारखान्यातच जो बुळबुळीत थर दिलेला असतो तो बहुधा सिलिकॉन तेलाचाच असतो. पोटातल्या गॅसवर आपण जे औषध पितो त्यातले सिमेथिकोनही याच कुळातले. तेव्हा ही वस्तू परकी नाही, फक्त तिची बाटली परकी आहे.

बाटली घेताना मागची बारीक अक्षरे वाचा किंवा मुलीकडून वाचून घ्या. हो, मुलीकडून. घटकांची यादी छोटी असावी. डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल, सायक्लोपेंटासिलोक्सेन अशी दोन-तीन नावे असली की पुरे. सुगंध, चव, 'गरम' किंवा 'थंड' वाटण्याची जाहिरात, बधिर करणारे औषध असलेली बाटली घेऊ नका. बधिर करणारे तर मुळीच नको. दुखणे हा शरीराचा इशारा आहे, तो बंद करून पुढे रेटले तर जखम होते. शुक्रजंतू मारणारे 'नॉनॉक्सिनॉल-९' असलेलेही नको, त्याने आतल्या त्वचेला इजा होते आणि वारंवार वापरल्यास एचआयव्हीचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो. आणि केसांच्या सीरममध्येही सिलिकॉनच असते म्हणून ते वापरून पाहू नका. आम्हाला हे विचारले गेले आहे, म्हणून लिहितो. त्यात सुगंध आणि इतर रसायने असतात.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबा. लाली, खाज आली नाही तर वापरा. दोन-तीन थेंब हातावर घेऊन थोडे कोमट होऊ द्या, मग योनीमुखाशी लावा. कंडोम असेल तर तो चढवून झाल्यावर त्याच्या बाहेरून लावा. आत ओतायची गरज नाही. नंतर बाहेरचा भाग साध्या साबणाने आणि पाण्याने धुवा. आतले आपोआप बाहेर येते. योनीमार्गात साबण, डेटॉल, तुरटीचे पाणी घालू नका, त्याने कोरडेपणा वाढतोच. सांडले तर फरशी लगेच साबणाने पुसा, ओल्या मोरीत त्यावरून पाय घसरून खुबा मोडेल. चादरीवर डाग राहतो, जुने कापड अंथरा.

काही ठिकाणी सिलिकॉन चालत नाही. अंग बाहेर येते म्हणून ज्यांना डॉक्टरांनी सिलिकॉनची रिंग बसवून दिली आहे, किंवा ज्या मुली पाळीत सिलिकॉनचा कप वापरतात, त्यांनी त्या वस्तूंना पाण्यावर आधारित जेलच लावावे. सिलिकॉनने त्या वस्तूचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. मूल हवे असलेल्या जोडप्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण बरीच ल्युब्रिकंट शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात. त्याचा अर्थ ती गर्भनिरोधक आहेत असा मात्र नाही. रोगापासूनही ती वाचवत नाहीत, त्यासाठी कंडोमच.

गुदमार्गाला स्वतःचा असा ओलावा नसतो. समलिंगी पुरुष, तृतीयपंथी साथी आणि काही नवरा-बायको यांच्यासाठी कंडोमबरोबर ल्युब्रिकंट ही चैन नाही, ती सुरक्षितता आहे. तिथे टिकून राहणारे सिलिकॉन जास्त उपयोगी पडते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बाबत जो निकाल दिला तो समतेच्या तत्त्वावरच दिला, म्हणून हा परिच्छेद या पानावर चोरून नाही, उघड लिहिला आहे.

ल्युब्रिकंट हा इलाज नव्हे, आधार आहे. कोरडेपणा कायमचा असेल, लघवीला वारंवार आग होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी गेल्यानंतर योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते, अनेकींना त्याने चांगला फरक पडतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या भगिनींनी ते कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. सिलिकॉनमध्ये संप्रेरक नसते, म्हणून त्यांना ते सहसा चालते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, संबंधानंतर रक्त आले, घाण वासाचे पांढरे गेले, तर बाटली बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात तपासणी करा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असाच सुरू होतो आणि लवकर सापडला तर बरा होतो.

आता पुरुष वाचकांशी. तिसरे शील आपण दर वंदनेला घेतो. परस्त्रीकडे वाकडी नजर टाकली नाही म्हणजे ते पाळले, अशी आपली समजूत असते. आमच्या मते कामविषयक मिथ्याचारात स्वतःच्या बायकोला दुखत असताना पुढे रेटणेही येते. ती 'थांबा' म्हणाली की थांबायचे. बाटली आणली म्हणून तिचा होकार गृहीत धरता येत नाही. आणि मेडिकलमध्ये जाऊन ती आणायचे काम तुमचे. दुकानदार कंडोम जसा कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो तशी ही बाटलीही देईल, त्यात मरण येत नाही. बऱ्याच दुकानांत सिलिकॉनचे ठेवतच नाहीत, मागवायला सांगा किंवा ऑनलाइन मागवा.

किंमत हा आमचा शेवटचा आणि खरा राग आहे. सिलिकॉनची बाटली पाण्याच्या जेलपेक्षा महाग असते. थेंबांवर काम होत असल्याने ती पुरवठ्याला येते, तरी रोजंदारीवरच्या बाईला एकदम तेवढे पैसे काढणे जमत नाही. सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो, आशाताई घरपोच आणून देते. मूल होऊ नये याची एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला ज्या बाईचे मूल होण्याचे वय संपले, किंवा पिशवी काढून संपवले गेले, तिच्या दुखण्याशी काही देणेघेणे उरत नाही. आमची मागणी साधी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळी गेलेल्या आणि पिशवी काढलेल्या बायकांची तपासणी व्हावी, तिथे ल्युब्रिकंट आणि योनीमार्गाचे मलम मिळावे, आणि पिशवी काढण्याआधी पुढे काय होईल हे बाईला तिच्या भाषेत सांगितल्याची नोंद केसपेपरवर असावी. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही करतो आहोत. ज्या मंडळांना सह्या द्यायच्या असतील त्यांनी पुढच्या पौर्णिमेपर्यंत कळवावे. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून विहारातल्या पेटीत टाका, नाव लिहायची गरज नाही. उत्तर याच पानावर छापू.