सुटका झालेल्या कासवाचे घर कोणते?

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघाची छबी कॅमेऱ्यात टिपली गेली आणि धाराशिव जिल्ह्याचे नाव राज्यभर गाजले. यवतमाळकडील टिपेश्वरच्या जंगलातून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या या पाहुण्यासाठी ठिकठिकाणी कॅमेरे लागले, बाहेरून तज्ज्ञांची पथके आली, गावोगाव सावधगिरीच्या सूचना गेल्या. ते योग्यच होते. मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत आज तळहातावर मावणारे स्टार कासवही आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. हे कासव एखाद्या सदनिकेच्या बाल्कनीत, प्लास्टिकच्या टबात पाय खरडत वर्षानुवर्षे काढते. ते नकोसे झाले की त्याची रवानगी जवळच्या विहिरीत, बारवेत किंवा तलावात होण्याचीच शक्यता अधिक.

कुत्र्या-मांजरांप्रमाणे सोडून दिलेले, जप्त झालेले किंवा कोणी आणून दिलेले सरीसृप दत्तक घ्यावेत, अशी कल्पना आता शहरांतील प्राणिप्रेमी तरुणांत रुजू लागली आहे. तिच्यामागची भावना चांगली आहे. परंतु सुटका आणि दत्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर सुटका झालेल्या प्राण्याचा बंदिवास तेवढा एका घरातून दुसऱ्या घरात हलतो. म्हणून पहिला प्रश्न घर कसे सजवावे हा नसून, हा प्राणी आपल्या घरी येऊ शकतो का, हा आहे.

एक शब्द, दोन प्राणी

आपल्याकडे हा गोंधळ भाषेपासूनच सुरू होतो. जमिनीवर राहणाऱ्या आणि पाण्यात राहणाऱ्या, अशा दोन्ही प्राण्यांना मराठीत आपण कासवच म्हणतो. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्यावरून घरात जिवंत कासव ठेवले की लक्ष्मी टिकते, अशी समजूत पसरली आणि वास्तुशास्त्राच्या नावाखाली तिचा बाजार झाला. या बाजाराची सर्वाधिक झळ स्टार कासवाला बसली. ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार सप्टेंबर २००९ ते सप्टेंबर २०१९ या दहा वर्षांत भारतात किमान १ लाख ११ हजार ३१० कासवे अवैध व्यापारात सापडली. त्यांतही स्टार कासवाचा वाटा सर्वांत मोठा होता. २०१९ मध्येच या प्राण्याला ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले.

स्टार कासव हा कोरड्या, झुडपी माळरानाचा जीव आहे. त्याला पोहता येत नाही. ‘कासव म्हणजे पाण्यातले’ या समजुतीने कोणी त्याला पुण्यकर्म म्हणून तीर्थात किंवा विहिरीत सोडले, तर ते बुडून मरते. त्याचे मूळ प्रदेशही प्रामुख्याने गुजरात-राजस्थानचा पट्टा, दक्षिणेतील आंध्र, तमिळनाडू व कर्नाटकचा काही भाग आणि श्रीलंका हे आहेत. धाराशिव शहरात सापडणारे स्टार कासव त्यामुळे बहुधा कोणीतरी विकत आणलेलेच असते. त्याला नेऊन येडशीच्या रानात सोडणे हेदेखील उत्तर नव्हे. वर्षानुवर्षे घरात राहिलेल्या प्राण्याच्या अंगी कोणते रोग आहेत हे तपासल्याविना त्याला रानात सोडले, तर तेथील वन्यजीवांनाही धोका पोहोचतो.

या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. स्टार कासव, घोरपड, भारतीय अजगर हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहेत. ते घरात बाळगणे हा गुन्हा असून, किमान ३ वर्षे व कमाल ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. ‘मी त्याला वाचवले’ हा मालकीचा आधार ठरत नाही. असा प्राणी कोणत्याही मार्गाने हाती आला, तरी ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळविणे कायद्याच्या ३९व्या कलमानुसार बंधनकारक आहे. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. तोपर्यंतच्या काही तासांसाठी हवेशीर, कोरडे खोके, सावली आणि उथळ ताटलीत थोडे पाणी एवढे पुरेसे असते. देशी सरीसृपाच्या बाबतीत सामान्य नागरिकाने उभारायचे ‘घर’ एवढेच.

पुढचे काम संस्थांचे आहे. सिंगापूरमध्ये तस्करीतून पकडलेली ५१ स्टार कासवे नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील संस्था, ‘वाइल्डलाइफ एसओएस’ आणि कर्नाटक वन विभाग यांच्या प्रयत्नांतून भारतात परत आणली गेली. महाराष्ट्रातही पुण्याच्या ‘रेस्क्यू’ संस्थेच्या देखभालीतील शेकडो स्टार कासवे २०२१ च्या अखेरीस नागपूरच्या उपचार केंद्रामार्फत चंद्रपूरच्या जंगलाकडे नेण्यात आली. विलगीकरण, तपासणी, मग कुंपणातील नैसर्गिक अधिवासात सराव आणि शेवटी मुक्तता, असा हा लांबचा रस्ता असतो. दिवाणखान्यातून तो पार करता येत नाही.

आधी घर, मग प्राणी

मग दत्तक घेण्याजोगे उरते काय? परदेशी सरीसृप. इग्वाना, बॉल पायथन आणि मत्स्यालयांच्या दुकानांतून रुपयाच्या नाण्याएवढ्या आकारात विकले जाणारे, कानामागे लाल पट्टा असलेले रेड इअर्ड स्लायडर हे पाणकासव. त्यांना आपल्या रानात सोडता येत नाही आणि मायदेशी पाठविणेही सहसा शक्य नसते. कोणाचे तरी घर हाच त्यांचा पर्याय उरतो.

तरीही आधी कागद हवा. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘साइट्स’मधील प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध झाले. त्यानुसार इग्वाना किंवा बॉल पायथनसारखा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते. आधीच्या मालकाने नोंदणी केलेली नसेल, तर ‘दत्तक’ घेणाऱ्याच्या गळ्यात ते लोढणे येते. त्यामुळे घरात आणण्यापूर्वीच विभागीय वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करून लेखी नोंद ठेवणे शहाणपणाचे.

त्यानंतर आयुष्याचा हिशेब. स्लायडर नीट सांभाळल्यास तीस वर्षे जगतो आणि त्याची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेले कासव त्याच्या चाळिशीतही घरात असेल. तो मुलगा शिक्षणासाठी पुण्याला आणि नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर कासवाचे कोण करणार, हे आजच ठरायला हवे. इग्वाना पंधरा-वीस वर्षे जगतो आणि शेपटीसह दीड मीटरच्या पुढे जातो. बॉल पायथन वीस वर्षांहून अधिक काळ जगतो आणि उंदरांवर गुजराण करतो. मेलेले उंदीर घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला घरातील मंडळी राजी आहेत का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घराची तयारी हा केवळ काचेच्या पेटीचा प्रश्न नाही. सरीसृपांचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ऊन आणि सावली यांत ये-जा करून ते आपले तापमान राखतात. म्हणून पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड असावे लागते. स्लायडरसाठी पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस आणि ऊन खाण्याची कोरडी जागा ३० अंशांच्या थोडी वर, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांशिवाय त्याच्या शरीरात कॅल्शियम मुरत नाही. पाठ मऊ पडते, हाडे वाकतात. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे विशेष दिवा किंवा रोजचे प्रत्यक्ष ऊन यांना पर्याय नाही. धाराशिवच्या उन्हाळ्यात मात्र धोका उलट बाजूने येतो. पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा गच्चीवर उन्हात ठेवलेला टब तासाभरात जीवघेणा ठरू शकतो. सावलीचा कोपरा आणि वीज गेल्यावरची सोय आधीच करावी लागते.

त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा. पूर्ण वाढलेल्या स्लायडरला किमान तीन-चारशे लिटरची टाकी लागते आणि त्यातील काही पाणी दर आठवड्याला बदलावे लागते. जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या जिल्ह्यात हा खर्च आपल्याला परवडेल का, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. बदललेले पाणी झाडांना घालता येते; स्वयंपाकघराच्या मोरीत मात्र ते ओतू नये. कारण सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू सहज आढळतात. लहान मुलांना त्यांची बाधा होऊ लागल्यामुळे अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री किंवा आजारी वृद्ध घरात असतील, तर दत्तकाचा विचार पुढे ढकलणेच इष्ट.

आहाराच्या बाबतीत आपल्या भागात थोडी अनुकूलता आहे. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. शेवग्याचा आणि तुतीचा पाला त्याला मानवतो, आणि रेशीम उद्योगामुळे तुती आता मराठवाड्यात अनोळखी राहिलेली नाही. तो पाला फवारणीचा नसावा, एवढे पाहावे. स्लायडर लहानपणी मांसाहाराकडे झुकलेला असतो, वाढल्यावर त्याला पाणवनस्पती आणि पालेभाजी अधिक लागते. पोळी, पाव आणि केवळ डबाबंद खाद्य यांवर तो फार तर तग धरतो. त्याची प्रकृती त्यावर राहत नाही.

शेवटी वैद्य. उस्मानाबादी शेळीच्या या जिल्ह्यात गुरा-शेळ्यांचे अनुभवी पशुवैद्यक मिळतात, परंतु सरीसृपांचे वैद्यक हे वेगळे शास्त्र आहे. शेळ्या-मेंढ्यांना जंतांसाठी सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरते, हे एकच उदाहरण पुरे. नवा प्राणी घरात आणण्यापूर्वी सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्यक कोठे आहे, दूरध्वनीवर सल्ला देईल का, याची खात्री करून घ्यावी. घरात आधीचा सरीसृप असेल, तर नव्याला दोन-तीन महिने वेगळे ठेवावे.

देणे सोपे, घेणे अवघड

एवढे सगळे वाचून अनेकांचा उत्साह ओसरेल, आणि तो ओसरलेलाच बरा. आपल्याकडील अडचण अशी की, प्राणी घेणे फार सोपे आणि परत देणे फार अवघड आहे. कासव दुकानातून काही मिनिटांत मिळते. पण ते नकोसे झाल्यावर वन कार्यालयात नेले तर गुन्हा दाखल होईल, या भीतीने मालक रात्रीच्या अंधारात तलाव गाठतो. स्टार कासव तेथे मरते. स्लायडर तेथे जगतो, आणि तेही तितकेच वाईट. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा तो बळकावतो. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. धाराशिव जिल्हा तर पाण्याच्या दुभाजकावर वसला आहे. मांजरा आणि तेरणा गोदावरीकडे जातात, सीना आणि बोरी भीमेला मिळतात. येथील तलावांत परके कासव रुजले, तर दख्खनच्या दोन्ही मोठ्या खोऱ्यांचे दार त्याला उघडे होते.

म्हणून हे समीकरण उलटे करायला हवे. अभय देण्याचा प्रयोग केंद्राने पूर्वी केला आहे. २००३ मध्ये वन्यजीवांच्या वस्तू जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुदत दिली गेली. २०२० मध्ये परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करणाऱ्यांना सहा महिने कागदपत्रांच्या चौकशीतून सूट मिळाली. त्याच धर्तीवर घरातील एखाद-दुसरे कासव स्वतःहून आणून देणाऱ्यासाठी ठरावीक मुदतीची सवलत शासनाने जाहीर करावी; विक्रेत्यांवरील कारवाई मात्र सैल होऊ नये. पुण्याजवळ बावधनला आणि नागपूरला वन्यप्राणी उपचार केंद्रे आहेत. धाराशिवहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. तेथवर नेईपर्यंत प्राणी सुरक्षित राहील अशी खोली, काही पेट्या, प्रशिक्षित पशुवैद्यक आणि एक नोंदवही, एवढी तजवीज जिल्हा पातळीवर करायला मोठा निधी लागत नाही. सर्पमित्रांचे जाळे गावोगाव आहेच. साप पकडण्याइतकेच कासव स्वीकारण्याचे प्रशिक्षणही त्यांना देता येईल.

आणि परदेशी प्राणी दत्तक देताना संस्थांनी आधी टाकी पाहावी, दिवा पाहावा, पाण्याची सोय विचारावी, सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहणी करावी. ज्याच्या घरी टाकी तयार नाही, त्याला केवळ जिव्हाळा आहे म्हणून कासव देऊ नये. ज्यांना हे जमणार नाही, त्यांच्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणच्या दत्तक योजनांचा मार्ग खुला आहे. तेथे प्राणी जागेवरच राहतो आणि नागरिक त्याच्या पालनपोषणाचा खर्च उचलतो. बाल्कनीतल्या टबापेक्षा तो पालकत्वाचा अधिक खरा प्रकार आहे.